गाडीखालच्या दुपारी

मु. पो. डिंगोरे, ता. जुन्नर
एप्रिल १९९८

तीर्थरूप दादांच्या चरणी वैजूचा दंडवत.

आपल्या आशीर्वादाने इकडे सर्व क्षेम आहे, आपणा सर्वांची खुशाली कळवावी. ह्याच्या पुढची ओळ मंचरच्या शाळेत बाईंनी शिकवली होती, पण ती आता आठवत नाही. शिवाय तुला 'आपण' म्हणत राहिले तर इकडे कोणीतरी वारलं असं समजून तू पहिल्या एसटीने निघशील, म्हणून नेहमीसारखं 'तू'च लिहिते. आईच्या डोळ्याची हिरवी पट्टी काढली का? (काढली म्हणून लगेच मळ्यात जायचं नाही म्हणावं. कांदा तिने बघितला नाही तरी वाढतो.) वहिनीचा गुडघा कसा आहे? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण ओतूरचा बूथवाला काचेमागे बसून आपलं बोलणं ऐकतो आणि हसायच्या जागी हसतो. शिवाय मला जे सांगायचं आहे ते घाईत सांगण्यासारखं नाही. जरा सावलीला बसून वाच.

तू मंचरहून एसटीच्या टपावर चढवून दिलेला सायलेन्सर पोचला, आणि बसलाही. गाडी चालू आहे. कामाचं बोलणं एवढंच, पण तो बसला कसा हे तुझ्या दाजींनी तुला सांगितलं असेल तर ते त्यांच्या बाजूचं आहे. माझी बाजू गाडीच्या खालची आहे.

झालं असं की फाल्गुनात मढकडून येताना एका खड्ड्यात जुन्या सायलेन्सरने जीव सोडला. पुढचा जोड तुटला, मागचा नुसता लोंबत राहिला. ह्यांनी तो तारेने बांधून गाडी घरी आणली. आणली म्हणजे गाडीच्या आधी आवाज आला. मी भाकरी थापत होते, तर तव्यातली भाकरी आपोआप फिरली. (हे म्हणतात मी वाढवून सांगते.) म्हैस दावं तोडून कांद्यात शिरली. शाळेत गुरुजी पाढे म्हणून घेत होते, त्यांनी सतराचा संपवला आणि गाडी आली. गाडी ओढ्यापलीकडे गेली तेव्हा पोरं एकोणिसाच्या पाढ्यात होती. त्या वर्गाला अठराचा पाढा अजून येत नाही म्हणतात.

आता गाडी म्हणजे ह्यांचा जीव, हे तुला मी सांगायला नको, कंपनीच्या लिलावातून ही मिनीबस तूच मिळवून दिलीस. पोळ्याला लोक बैलं धुतात, हे गाडी धुतात आणि आरशाला गोंडा बांधतात. पण अशा आवाजात कोण बसणार? एक दिवस वरच्या आळीचे कुशाबा दोन्ही कानांत बोटं घालूनच दारात आले. त्यांच्या नातीचं लग्न ओझरला ठरलेलं, वऱ्हाड आमच्याच गाडीने जायचं होतं. ते म्हणाले, "हौशीराम, मला मंगलाष्टका ऐकू आल्या पायजेत. ही गप व्हत नसंल तर मी दुसरी गाडी बघतो. राग मानू नको, राव." एक वऱ्हाड गेलं की बाकीची पण जातात, आणि उन्हाळ्यातली लग्नं गेली की वर्ष जातं. त्या दिवशी ह्यांनी ताटातली भाकरी नुसती कुस्करली. ताटावरून उठताना म्हणाले, "भंगारवाल्याला सांगावा धाडतो." असं म्हणून पुन्हा ताटावर बसले आणि काही न खाता परत उठले. दादा, माणूस असा दोनदा उठताना बघवत नाही.

मग ओतूरहून भागू मिस्त्री आला. मिस्त्री नामी आहे, पण अंगाने भरलेला, आणि हात म्हणशील तर कोपरापर्यंत सगळा पंजाच. तुला ठाऊकच आहे, कंपनीवाल्यांनी सामानासाठी गाडीच्या पोटाला एक पत्र्याची पेटी जोडून घेतली होती. त्या पेटीच्या वर, डिझेलच्या टाकीच्या मागे, चासीला चिकटून तो सायलेन्सर निजलेला असतो. दिसतो सगळा, पण हाताला लागत नाही. भागूचा हात आत गेला तर मनगट वळेना. ह्यांचा हात वळला असता, पण पोट गाडीखाली मावेना. (ह्याला कारण माझ्या हातच्या भाकरी, असं भागूपुढे मोठ्याने सांगितलं.) शेवटी भागू म्हणाला, "पेटी कापाया लागंल, न्हाय तर टाकी उतरवाया लागंल. लई दिस जातील." लग्न तर तोंडावर आलं होतं.

ओसरीवर आत्याबाई लसूण सोलत होत्या. (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आणि गावात त्यांना ठमाबाई म्हणायची हिंमत फक्त शेजारच्या चिमाबाईंना आहे.) त्या मान वर न करता म्हणाल्या, "सुनंचा हात जाईल की. पोरीच्या मापाच्या बांगड्या बसत्यात तिला." लग्न होऊन आले तेव्हापासून हे वाक्य मी टोमणा म्हणून ऐकत आले आहे. कासाराकडे, हळदीकुंकवाला, पाहुण्यांसमोर. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्या हाताकडे असं बघितलं, जसं शेतात पाणी लागल्यावर विहिरीकडे बघतात.

चाकांना दगड लावले, बारदान अंथरलं, मी लुगड्याचा काचा मारला आणि आत सरकले. डाव्या कुशीवर व्हायचं, गाल टाकीला लावायचा आणि उजवा हात चासीच्या वरून आत घालायचा, पार खांद्यापर्यंत. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनीच बघायचं. बोल्ट सापडला. त्याच्यावर गंज असा की पापुद्रे माझ्या केसांत पडले. भागू बाहेरून सांगत होता, "वैनी, पाना बसला का?" आणि मी आतून म्हणत होते, "बसला, पण बोल्ट हलत न्हाई." मग त्याने बाटलीतलं डिझेल एका नळीतून आत दिलं, ते मी बोल्टवर सोडलं. तो म्हणाला, "आता भिजू द्या. घाई केली तर मुंडकं तुटंल, मग बसा रडत." आणि ते दोघे नवीन नटबोल्ट आणायला ओतूरला गेले.

मी बाहेर आले नाही. बाहेर आले असते तर पुन्हा आत सरकायला लागलं असतं, म्हणून. खरंच एवढंच कारण होतं.

दादा, तू इतक्या गाड्यांखाली गेलास, पण तू तिथे काम करायला जातोस, म्हणून तुला हे ठाऊक नसेल. बाहेर ऊन असं की कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून बसलेल्या. आणि चार चाकांच्या मध्ये एक निळसर सावली, मातीच्या माठाजवळ असते तशी गार. खालून मातीचा वास, वरून डिझेलचा आणि जुन्या धुराचा. मला तो वास आवडेल असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. टाकीतून मधूनच एक टिचकी मारल्यासारखा आवाज यायचा, ऊन चढल्यावर पत्रा फुगतो तसा. एक कोंबडी आत येऊन, मान तिरकी करून, एका डोळ्याने मला बघून गेली आणि तिने बहुतेक कुणाला सांगितलं नाही. बायकांनी दुपारी आडवं व्हायचं ते तापात, नाहीतर बाळंतपणात. ह्या घरात आल्यापासून दुपार कशी दिसते ते मी उभ्यानेच बघितलं होतं. पडल्या पडल्या दुपार फार लांब दिसते. तिच्यात माणसं नसतात, नुसते पाय असतात, आणि तेही दूर.

मला झोप लागली. पाना हातातच होता.

स्वप्नात आपली गाडी येडगावच्या धरणाच्या पाण्यावरून चालली होती. चाकं पाण्याला टेकत होती, पण पाणी फाटत नव्हतं. आवाज अजिबात नाही. आत सगळ्या बायका. ओतूरच्या बाजारातल्या, आपल्या अवसरीतल्या, काही तर मी कधी बघितलेल्या नाहीत अशा, डोंगराकडच्या, मांडीवर भाताची रोपं घेतलेल्या. सगळ्या झोपलेल्या. कुणाची मान कुणाच्या खांद्यावर. कंडक्टर म्हणून आपली आई उभी होती, दोन्ही डोळ्यांनी नीट बघत, आणि कुणाचं गाव आलं तरी ती उठवत नव्हती. मी म्हटलं, अगं आई, ह्यांची गावं मागे राहिली. तर ती म्हणाली, राहू दे, गावं कुठं जात न्हाईत.

जाग आली ती पायांनी. चाकाजवळ दोन जोड्या उभ्या होत्या. एक आत्याबाईंची, अंगठ्याला चिंधी बांधलेली, आणि दुसरी चिमाबाईंची. चिमाबाई विचारत होत्या, "सून कुठं गेली गं? दळाण न्यायचं व्हतं तिच्या संगं." आत्याबाई म्हणाल्या, "गाडीच्या पोटात काम चाललंय. लई बारीक काम अस्तं ते. हाक मारायची न्हाई, पाना सुटला तर गाडी अंगावर येती." चिमाबाईंचे पाय झपकन मागे सरले. मी श्वास धरून पडून राहिले. मला वाटलं, आत्याबाई किती भोळ्या, खरंच काम चाललंय असं धरून चालल्या आहेत.

बोल्ट त्या दिवशी सुटला नाही. दुसऱ्या दिवशी एक सुटला. (दुसराही सुटायला तयार होता, पण मी म्हटलं भिजू दे.) तिसऱ्या दुपारीही मी आत होते, आणि त्या दुपारी मला एक गोष्ट दिसली, ती तुला सांगते आणि मग विषय सोडते. ह्यांचे पाय आडावर गेले आणि कळशी घेऊन आले, अर्धं पाणी सांडत. चुलीला जाळ झाला. म्हशीला वैरण पडली. माझ्यावाचून ह्या घरात काडी हलत नाही असं मी धरून चालले होते. आणि इथे सगळं हलत होतं, वाकडं तिकडं का होईना, पण हलत होतं. आधी डोळ्यांत पाणी आलं. टाकीला गाल लावून रडले थोडी, काळं पाणी आलं. मग तेच आठवून हसू यायला लागलं, आणि हसता हसता परत झोपले.

शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा जुना सायलेन्सर काजळीच्या पोत्यासारखा माझ्या छातीवर आला. मला ओढून काढलं तर आत्याबाईंनी आधी ओळखलंच नाही, म्हणाल्या, "ही कुणाची?" नवीन बसवायला भागूने खालून धरलं, मी वरून नट फिरवले. मग ह्यांनी चावी दिली. गाडी चालू झाली, पण ह्यांना पत्ताच नाही. चालू गाडीला परत चावी दिली, आतून जी किंचाळी आली तिने म्हैस पुन्हा कांद्यात. मग सगळ्यांनी कान दिला. इंजिन आपलं घोंघावतंय, देवळाच्या गाभाऱ्यात कुणी मनात जप करावा तसं. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. खाली उतरून माझ्याजवळ आले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण म्हणाले एवढंच, "केसात गंज हाय." आणि चारचौघांत, आत्याबाईंसमोर, स्वतःच्या हाताने काढला.

कुशाबांचं वऱ्हाड ओझरला वेळेवर पोचलं. मंगलाष्टका सगळ्यांना ऐकू आल्या, त्यात भटजी दोनदा चुकले ते पण ऐकू आलं. येताना गाडीतलं सगळं वऱ्हाड झोपलं होतं. कुशाबा तर उतरायला तयार नव्हते. म्हणाले, अजून एक फेरा मारून आण.

तर अशी गोष्ट झाली. भंगारवाला आला नाही, पुढची लग्नं ठरली आहेत, तुझ्या सायलेन्सरला कसलीही तक्रार नाही. आईला माझा नमस्कार, वहिनीला गुडघ्याला रुईचं पान शेकून बांधायला सांग, आणि माझ्याकडून तुझ्या गॅरेजातल्या सगळ्या गाड्यांना सावली.

तुझी,
वैजू

ता. क. – एक छोटं काम होतं. तुझ्या दाजींना तुझ्या नावाने एक चिठ्ठी लिही की, ह्या जातीच्या सायलेन्सरचे नट आठवड्यातून एकदा, दुपारच्या वेळी, गाडी सावलीत लावून, बारीक हाताच्या माणसाने तपासावे लागतात, आणि तपासताना हाका मारू नयेत. गॅरेजचा शिक्का मार, ते शिक्क्याला मानतात. तुझ्या हातून खोटं लिहिलं जाऊ नये म्हणून एक नट मी जरासा ढिला ठेवला आहे.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवत होते, तर आत्याबाई येऊन समोर बसल्या. कुणाला लिवतीस, काय लिवतीस, काही विचारलं नाही. थोडा वेळ लसूण सोलला. मग म्हणाल्या, "तू घोरतीस, ठाऊक हाय का? चिमीला किती बाय सांगायचं मी? म्हणलं इंजान हाय ते." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्या भावाला लिव, त्ये येकीचं काम न्हाई. दुसऱ्या अंगानं पाना धराया मानूस लागतं. म्हातारं चालतं."

तर दादा, चिठ्ठीत दोन माणसं लिही.