लिफ्टच्या खड्ड्यातला स्वतंत्र माणूस

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे केवळ रीत म्हणून लिहिलेलं नाही. इथे ताठ उभं राहायची हिंमत होत नाही.) तुझ्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? धाकटीचा हलणारा दात पडला का? तू माझा फोन उचलत नाहीस, त्यातून इथे रेंजही नाही, म्हणून पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे. अक्षर हललेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. बाकी इकडे सर्व खुशाल. पत्रास कारण की, मी एका लिफ्टच्या खाली आहे.

खाली म्हणजे अगदी खाली. तळमजल्याच्या दाराच्याही खाली जो सिमेंटचा खड्डा असतो, त्यात. पहिल्या मजल्यावर केबिन थांबली आहे आणि तिचं तेलकट काळं पोट मला इथून दिसतं आहे. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मेन स्विच आहे आणि त्या स्विचपाशी दाजी आहेत, म्हणजे तुझे यजमान, म्हणजे माझे कामातले जोडीदार, म्हणजे सकाळपासून माझ्याशी अबोला धरलेला माणूस. आहेत असं मी धरून चालतो. चहाला गेले असले तर स्विचपाशी कोणीच नाही, आणि येणाराजाणारा कोणीही तो वर करू शकतो.

आमच्या धंद्यातली रीत तुला ठाऊकच आहे. खड्ड्यात उतरणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचा फोटो चिकटवलेलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावत नाही, मालक आला तरी नाही. आज मी माझं कुलूप लावलं नाही. विसरलो नाही, ताई. तत्त्व म्हणून लावलं नाही.

हे तत्त्व मला शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत मिळालं. तिथे भूमितीचे एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला मंडळ भरवतात. (मंडळाला अध्यक्ष नाही, कारण कोणी कोणावर सत्ता चालवू नये असं मंडळाचं मत आहे. हे मत मास्तरांनी ठरवलं, आणि त्यावर शंका काढणाऱ्या कंपाउंडरला त्यांनी बाहेर काढलं.) मास्तर म्हणतात की सरकार, कायदा, कर्तव्य, नातं ही सगळी डोक्यात बसवलेली भुतं. आपण मानतो म्हणून ती आहेत. मानायचं सोडलं की उरतो फक्त 'मी', आणि माझ्या स्वार्थाइतकं खरं जगात दुसरं काही नाही. ज्याचं जग त्यानेच घडवायचं. मला हे जाम पटलं. चाळिशी आली तरी मालक, घरमालक आणि तू, अशा तिघांचं मला ऐकावं लागतं, त्यामुळे पटायला फार वेळ लागला नाही.

पण एकट्याने स्वतंत्र होण्यात मजा नसते, म्हणून मी दाजींच्या मागे लागलो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! दाजींचा स्वभाव तुला माहीत आहे. एखादी गोष्ट धरत नाहीत, आणि धरली की सोडत नाहीत. जेवताना तुला ते म्हणाले की तू माझी कोणी नाहीस, मी माझा मालक आहे. आणि तू म्हणालीस, मग मालक, आपलं अंथरूण उचला. ते त्यांनी उचलून थेट माझ्या खोलीत आणलं. तेव्हापासून त्या खोलीत दोन स्वतंत्र माणसं आणि एक पंखा आहे. पंख्याखालची जागा त्यांची, कारण त्यांना ती हवीशी वाटते. माझा चहाही त्यांना हवासा वाटतो. घोरण्याबद्दल बोलायला गेलो तर म्हणाले, "ते तुझ्या डोक्यातलं भूत असेल."

आज सकाळी ते नेहमीप्रमाणे माझ्या पिशवीतून माझं कुलूप काढायला लागले. मी व्याख्यान दिलं. म्हटलं, दाजी, कुलूप म्हणजे निव्वळ भीती. दोन स्वतंत्र माणसांमध्ये लोखंड कशाला? आपण मानतो म्हणून ते राखण करतं. त्यांनी ते हातातल्या हातात फिरवत सगळं ऐकून घेतलं. मग वर जाऊन स्विच बंद करून आले, मला खड्ड्यात उतरू दिलं, आणि म्हणाले, "बरं. पण शिडी माझी आहे." शिडी वर ओढून घेतली, दार लावलं आणि पुन्हा जिना चढून गेले. दाराची आतली कडी पार वरच्या चौकटीला, शिडीशिवाय हात पोचत नाही. खड्ड्यात एक लाल बटण असतं, ते दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही. ते बिघडलं आहे. तेच दुरुस्त करायला मी उतरलो होतो, आणि त्याचा सुटा भाग दाजींच्या खिशात आहे.

आता नवी अडचण. चौथ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. जिने चढून त्यांचे पेशंट दमतात, दमलेला पेशंट तोंड नीट उघडत नाही, असं ते जिन्यात ओरडून सांगत होते. "बघतोच आता वर जाऊन" असं म्हणताना मी त्यांना ऐकलं. त्यांच्या चपलांचा आवाज वर वर जातो आहे. मी ओरडलो, पण त्यांच्या ओरडण्यापुढे माझं काय चालणार? माझ्या मतानुसार डॉक्टरांचं अगदी बरोबर आहे. त्यांचा स्वार्थ वर आहे, माझा खाली आहे, आणि मध्ये कुलूप नाही. मास्तरांना इथे आणून बसवावं असं फार वाटतं.

ताई, आत्ता दोर हलला. वाऱ्याने असेल. खड्ड्यातल्या स्प्रिंगच्या शेजारी आडवं झालं तर माणूस वाचतो असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी आडवा झालो आहे आणि ते मानतो आहे. फार मनापासून मानतो आहे. मला भीती वाटते गं.

वॉचमन उंबऱ्याच्या फटीतून हे पत्र घ्यायला तयार आहे. (तो स्विचला हात लावणार नाही, अधिकार नाही म्हणतो.) आधी गच्चीवर एक नजर टाक म्हणून त्याला पाठवलं आहे. परत आला की पत्र देतो. मुलींना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. दाजींना घरी घे. भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि झोपेत तुला हाक मारतात.

ता. क. वॉचमन आला. स्विचला दोन कुलपं आहेत म्हणतो, एक दाजींचं आणि एकावर माझा फोटो. माझं कुलूप नुसतं दाबलं की बसतं, किल्ली लागत नाही. किल्ली सकाळपासून माझ्याच खिशात आहे, आत्ता हात घालून पाहिली. म्हणजे माझ्या हुकमाशिवाय ही लिफ्ट हललीच नसती. दाजी स्विचला पाठ लावून बसले आहेत आणि डॉक्टर त्यांना नाही नाही ते बोलत आहेत. वाद घालू नका, यात माझा स्वार्थ आहे, एवढंच दाजी म्हणतात.

ता. क. अगं, हे मी लिहितोय. दार उघडून त्याला वर घेतला. पायरीवर बसवलाय, माझा चहा पितोय. भुतांचं त्याचं बरोबर आहे, माझ्या डोक्यातलं एक काही केल्या जात नाही, तिचा गुडघा दुखतो. संध्याकाळी अंथरूण घेऊन येतो. आतून कडी लावू नकोस. लावलीस तर बाहेर बसून राहीन. दुसऱ्याने लावलेलं आपण काढत नाही.