बिनवासाचे पत्र

कळसाडी, ता. शहादा
शनिवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप योगेंद्रभाऊ यांस भाईदासचा दंडवत.

पाकीट फोडल्यावर वास आला नाही म्हणून पत्र दुसऱ्या कुणाचे असेल असे समजू नका. अक्षर माझेच आहे. दर वेळी तुम्हीच सुरतेहून पाठवलेल्या हिना अत्तराचे बोट कागदाच्या कोपऱ्याला लावतो, या वेळी लावलेले नाही, आणि का नाही ते सांगायलाच लिहायला बसलो आहे. तुमच्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाले, आता जिनाही चढता, हे ऐकून बरे वाटले. वहिनींची साखर कशी आहे? आमच्याकडे ऊस तोडून गेला, केळी ठीक आहे, तुमची बहीण शांतीबाई खुशाल आहे (जरा जास्तच खुशाल आहे, ते पुढे येईल). फोनवरच बोललो असतो, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर लावूनच बोलतात आणि हा मजकूर स्पीकरवर लावण्यासारखा नाही. शिवाय तुमची धाकटी बहीण रुखमाबाई हिने लग्नाची हकिकत तुम्हाला कळवलीच असेल. तिच्या हकिकतीत तिचा नवरा चुनीलाल देवमाणूस आणि मी विदूषक असणार. तुम्ही आम्हा दोघांचेही मेहुणे, तेव्हा माझीही बाजू ऐका.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या भाऊबंदांत कोणाचेही लग्न असो, मांडवाच्या दारात पाहुण्यांना अत्तर लावायचा मान माझा. एका हातात अत्तरदाणी, दुसऱ्या हातात गुलाबदाणी आणि कानाच्या घडीत खोचलेला फाया (म्हणजे अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा, हल्लीच्या पोरांना हेही सांगावे लागते), असा मी उभा राहिल्याशिवाय मांडव भरल्यासारखा वाटत नाही असे लोक म्हणतात. निदान मी तरी म्हणतो. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस, हा नेम मी कधी चुकवला नाही. मी एसटीत चढलो की मागच्या सीटवरच्या माणसालाही कळते. शांतीबाई तेवढी एसटीत नेहमी खिडकी धरते आणि कडाक्याच्या थंडीतही काच उघडी ठेवून तोंड बाहेर काढून बसते. तिला शेते बघायला आवडतात असे मी धरून चाललो होतो. दोन्ही बाजूंना सारखाच ऊस असतो, त्यात एवढे बघण्यासारखे काय, असा प्रश्न मला पडायला हवा होता, पण नाही पडला.

माझा धाकटा भाऊ भावेश याच्या मुलीचा, भूमिकेचा, साखरपुडा झाला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता. मुलाकडचे अक्कलकुव्याचे. स्थळ चुनीलालने आणले, कारण त्याचे दुकान तिथेच. मुलाची आई रंजिताताई शाळेत शिकवतात, भारी समजूतदार बाई. विहीणबाई म्हणून मी त्यांच्या दोन्ही मनगटांना अत्तर लावले, वर गुलाबपाणीही हात न आखडता शिंपडले. घटकाभरात बाईंना ठसका लागला, श्वास कोंडला, पिशवीतून तो तोंडात मारायचा पंप काढावा लागला, आणि उरलेला साखरपुडा त्यांनी बाहेर गाडीत बसून पाहिला. जाताना मलाच हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा दोष नाही, मला कोणताच वास सोसत नाही." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला जास्त बरे वाटले असते.

पुढे लग्नपत्रिका आली. खाली 'कृपया आहेर आणू नये' असे असतेच, त्याच्याही खाली 'कृपया अत्तर, सेंट, गजरे लावून येऊ नये'. भावेश म्हणाला की हे सगळ्यांसाठी आहे. सगळ्यांसाठी कसे? आमच्या भाऊबंदांत अत्तर लावणारा मी एकटा! माझे नाव छापायचे तेवढे बाकी ठेवले होते. आणि मांडवाच्या दारातला मान कोणाला, तर चुनीलालला. सरळच लिहितो भाऊ, मला चुनीलालचा हेवा वाटतो, आधीही वाटत होता, पण आता पोटात दुखेपर्यंत वाटतो. हा माणूस उन्हात वाळवलेला पांढरा शर्ट घालून उभा राहणार, आणि कोणी सेंट मारून आलेच तर गोड बोलून त्याला नळावर नेणार, साबण देणार. गेले महिनाभर बायका त्याच्या शर्टाबद्दल बोलत होत्या. शांतीबाईसुद्धा. माझ्या कुठल्याही सदऱ्याबद्दल ती आजवर एवढेच बोलली आहे की तो दुसऱ्या खोलीत टांगा.

मी ठरवले की बिनवासाचे व्हायचे तर चुनीलालपेक्षा जास्त बिनवासाचे व्हायचे. लग्नाच्या दिवशी बेसन लावून आंघोळ केली. मग पुन्हा केली. डोक्याला तेल नाही, अंगावर कोरा सदरा. निघण्याआधी अत्तराची पेटी उघडली ती फक्त बाटल्यांचा निरोप घ्यायला. मांडवाच्या दारात चुनीलालने गळाभेट घेतली, नाक वर केले आणि म्हणाला, "साडूभाऊ, जराक वास ई ऱ्हायना." मी म्हणालो, वास कसला येतोय, तुझ्या नाकाला भास होतोय, आणि सरळ जाऊन पुढच्या रांगेत बसलो.

अक्षतांच्या आधीच रंजिताताईंना ठसका लागला. मुलाची आई मांडव सोडून गाडीत बसणार की काय, म्हणून भूमिकेचा चेहरा अंतरपाटाआड उतरला. माझ्या सख्ख्या पुतणीचे लग्न, मी गप्प कसा बसेन? उठलो आणि गुन्हेगार शोधायला लागलो. भटजींना उठवून नळावर पाठवले. पार्वतीकाकूंचा गजरा काढायला लावला (तो प्लास्टिकचा निघाला, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत). पण नवल असे की ज्या रांगेत जाईन तिथे वास होताच. अख्खा मांडव गुन्हेगार वाटायला लागला. शेवटी मी चुनीलालची कॉलर धरली आणि सगळ्यांसमोर त्याचा शर्ट हुंगला. तेवढ्यात शांतीबाई मागून आली आणि माझ्या कानात दोन बोटे घातली. "मंग हाई काय शे तुम्हना कानम्हा?"

हिन्याचा फाया होता. पेटी उघडली तेव्हा हातांनी आपले नेहमीचे काम करून टाकले असणार. पत्रिका मी वाचली होती, हातांनी वाचली नव्हती. मांडव हसला. रंजिताताईही ठसक्यातून हसल्या, त्यामुळे तोंड दाखवायला तेवढी जागा राहिली. चुनीलाल मात्र हसला नाही (हेच त्याचे मला सोसत नाही). त्याने मला भावेशच्या ट्यूबवेलवर नेले, माझ्या डोक्यावर पाणी सोडले आणि आपल्या पिशवीतला दुसरा शर्ट दिला. भाऊ, चुनीलालचा शर्ट घालून मी पुतणीवर अक्षता टाकल्या. रंजिताताई शेवटपर्यंत मांडवात बसल्या, लग्न उत्तम झाले.

मग घरच्यांची शेवटची पंगत बसली. शांतीबाई नेहमी दुसऱ्या टोकाला, बायकांत बसते. त्या दिवशी ती ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. अगदी कोपराला कोपर लागेल अशी. म्हणाली, "आज तुम्हना जोडे बसावस." म्हणजे आजवर माझ्या शेजारी बसवत नव्हते. मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच घासाला तो विझला. ती माझ्या शेजारी बसली होती की चुनीलालच्या शर्टाशेजारी?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भाईदास

ता. क. दिवाळीचे अत्तर पाठवू नका. काही पाठवायचेच तर खोबरे पाठवा.

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. चुनीलालचे शर्ट कोणत्या साबणाने धुतात, ते रुखमाबाईला सहज विचारा. माझे नाव काढू नका.

ता. क. पाकीट चिकटवायचे राहिले, त्याला आठवडा झाला, म्हणून आणखी लिहितो. काल चुनीलालचा शर्ट परत करायला आम्ही दोघे अक्कलकुव्याला गेलो होतो. येताना एसटीत मी माझ्याच जुन्या सदऱ्यात होतो, घरच्याच साबणाने धुतलेल्या, चार दिवस गच्चीवर वाळवलेल्या. शांतीबाईने नेहमीप्रमाणे खिडकी धरली. शहाद्याचा रस्ता लागला तेव्हा पदर अंगाभोवती घेत म्हणाली, "थंडी वाजी ऱ्हायनी," आणि आपल्या हाताने काच ओढून बंद केली. तेव्हा साबणाचे विचारू नका. आणि चुनीलालला यातले काही कळू देऊ नका, तो म्हणेल की हे माझ्यामुळे झाले.