उपाशीपोटी यायचं होतं

आदरणीय भोजराज भाऊजींना बकारामचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून मनातल्या मनात). ताईची कंबर आता बरी असेल. फोनच केला असता, पण फोनवर बोललेलं रुख्माला शेजारच्या खोलीतूनही ऐकू जातं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आम्हा नवराबायको दोघांचेही पाय बाहेरून वाकलेले. मधून शेळी निघून जाईल, असं लग्नात तुम्हीच म्हणाला होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसता गुडघा बदलून भागत नाही. आतल्या बाजूचे लिगामेंट (म्हणजे सांध्याचे बंध) आखडलेत, बाहेरचे सैल पडलेत. आतले थोडेथोडे मोकळे करत पाय सरळ असताना आणि वाकवल्यावरही दोन्हीकडं सारखा ताण आणावा लागतो. एकीकडं ताठ, एकीकडं झोळ पडलेली खाट, एवढं मला कळलं (पानठेल्यावर मी ते इतकं समजावलं की लोक आता मलाच गुडघे दाखवतात).

तपासण्या दोघांच्याही झाल्या. ऑपरेशनला नंबर माझा पहिला. पण उपाशीपोटी यायचं असतं, हे ऐन सकाळी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोहे खाताना माझ्या ध्यानातूनच गेलं. मला उपास घडणार म्हणून रुख्मा मात्र उपाशी होती. डॉक्टर म्हणाले, मग बाईंना घेऊ. ती चपला माझ्याकडं देऊन आत गेली.

आता तिचे दोन्ही पाय ओळंब्यात आहेत. जन्मभर माझ्या खांद्याला लागणारी बाई माझ्या टकलावरून पलीकडं बघते. बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो की पुढं निघून जाते आणि वळून उभी राहते. भाऊजी, तिचं ते वळून उभं राहणं मला सोसत नाही.

तुमचा,
बकाराम

ता. क. : खरं काम हे. सोमवारी माझा नंबर आहे. धान निघेपर्यंत ऑपरेशन नको, असं वडीलकीनं रुख्माला लिहा. तुमचा शब्द ती मोडणार नाही. मी सांगितल्याचं कळू देऊ नका.

आणखी एक : पोस्ट लांब, तिथवर माझ्यानं चालवत नाही, म्हणून पाकीट रुख्माकडंच देतोय. दुसऱ्याचं पत्र ती उघडत नाही.

ता. क. : भाऊजी, मी रुख्मा लिहून राहिली. ह्यायनं पोहे दोन प्लेट खाल्ले, वरून तर्री मागून घेतली. सारं ध्यानात होतं ह्यायच्या. धानाचं मी पाहून घेईन. तुमी रविवारीच या आन् सोमवारी सकाळी कॅन्टीनच्या दारात बसा. एकटीच पुढं चालून मले करमून नाही राहिलं.