बांधावरचं यंत्र

दि. ४ जानेवारी

चि. भुंग्यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

फोन बाबा हातचा सोडत नाहीत, म्हणून पत्र. मातीची ओल मोजायचं ते यंत्र तू शेतात खोचून गेलास आणि माझं डोकं चालेनासं झालं. माती कोरडी आहे, पाणी द्या, असा तुझा रोज निरोप. आम्ही देतो. वाफ्यात पाय टाकला की चप्पल आतच राहते, आणि तू म्हणतोस कोरडं! मूठभर माती दाबली तर बोटांतून पाणी गळलं. बाबांना दाखवलं, तर म्हणाले, भुंग्याला तिथून सगळं दिसतं, तू गप्प बस.

वाटाणा पिवळा पडत चाललाय रे. आईने जपलेलं बियाणं होतं ते, घरात आता दाणा उरलेला नाही. खरं कुणाचं मानू, माझ्या मुठीचं की तुझ्या मोबाईलचं? वेळेवर जेवत जा.

चिखलात चप्पल शोधणारी,
ताई

दि. ९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मीही पुरता चक्रावलोय. यंत्र मी स्वतः मधल्या वाफ्यात, मुळांजवळ खोचलं होतं. तरी आकडा कोरडाच! आणि रोज संध्याकाळी तो जरासा वर जातो, पुन्हा खाली येतो. वरची माती ओली नि खालची कोरडी असेल का? मग अजून एक पाणी द्या. नको, थांब. मुळांना हवाही लागते, सतत पाण्यात राहिली तर कुजतात. काय करावं, मला काही सुधरत नाही. तू एकदा यंत्रापाशी जाऊन बघ ना.

माया आहेच, शिव्याही चालतील.
भुंग्या

दि. १५ जानेवारी

चि. भुंग्या, खुशाल अस.

अरे, यंत्र वाफ्यात नाहीच! फाटकाजवळच्या उंच बांधावर आहे, जिथे पाण्याचा थेंब पोचत नाही. बाबांनी हलवलं. आता इथलं शेत मला तिकडे दिसत राहील, असं तू जाताना म्हणालास ना? त्यांना वाटलं, तो कॅमेरा आहे. वाफ्यातून नुसती पानं दिसतील, म्हणून उंचावर लावला. रोज संध्याकाळी भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून जातात, धूळ जावी म्हणून त्याच्यावर पाणी ओततात आणि समोर उभे राहतात. मी आधी पोट धरून हसले, मग हसवेना.

पाणी बंद केलंय, चर काढलेत. खालचे वाफे गेले. वरच्यांना नवी पानं फुटतायत, बियाण्यापुरता वाटाणा हाती लागेल. बाबांना अजून काही बोलले नाही. भुंग्या माझ्याबद्दल काही म्हणाला का, असं रोज विचारतात. काय सांगू?

तुझीच,
ताई

दि. २० जानेवारी

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, ते यंत्र ताईला पुन्हा वाफ्यात खोचू द्या. त्याला फक्त मातीतली ओल कळते, बाकी काही दिसत नाही. मी नीट सांगायला हवं होतं.

तुम्हाला बघायला मी रविवारी येतोय. संध्याकाळी बांधावरच उभे राहा, तोच शर्ट घालून.

तुमचा,
भुंग्या