जुने विरुद्ध नवे

तात्या, आज संध्याकाळी फुटबॉल टीमची तीन पोरं घरी आली होती. अंगात कारखान्याच्या टीमचे नवे चकचकीत शर्ट, हातात मोटारसायकलच्या किल्ल्या. चहा घेता घेता विषय निघाला. टीमच्या जुन्या नावाजलेल्या खेळाडूंचा मान करायचाय, पण कसा करायचा यावर त्यांच्यात चांगलीच जुंपलीय. एक म्हणतो, समारंभ घेऊ, शाल-श्रीफळ देऊ. दुसरा म्हणतो, ग्राउंडच्या गेटवर नावं लिहू. तिसऱ्यानं मोबाईलवर परदेशातलं काहीतरी बघितलंय, तो म्हणतो, तुमच्या वडिलांचा सात नंबर कायमचा बंद करू, तो शर्ट परत कुणी घालायचा नाही. मला हसूच आलं. तुमच्या वेळी शर्टाला नंबर कुठं होते? पाठीवर घामाशिवाय दुसरं काही नसायचं. तुम्ही उजव्या कडेचे राइट आउट, आणि राइट आउट म्हणजे सात, हे त्यानं त्याचं त्याचंच ठरवलेलं. उद्या सांगतो म्हणालो आणि पोरं गेल्यावर कागद घेऊन बसलो. या प्रश्नाचं उत्तर तुम्ही एकदा देऊन बसलाय, म्हणून म्हटलं तुमच्याशीच बोलावं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गुडघ्यानं दगा दिल्यामुळे तुम्ही टीम सोडून तीनेक वर्षं झाली होती, पण ग्राउंड काही सोडलं नव्हतं. वर्कशॉपचा भोंगा झाला की हातातली लेथ बंद, हात रॉकेलनं धुतले न धुतले आणि सायकल थेट ग्राउंडवर. गोलच्या खांबाला पाठ टेकून आम्हा पोरांना शिव्या घालायच्या, हा तुमचा रोजचा कार्यक्रम. आमच्यात मी लेफ्ट बॅक, तुमच्यासारख्या राइट आउटला अडवणारा, म्हणजे सगळ्यात जास्त वाटा माझा. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू, पण ज्या दिवशी तुम्ही यायचा नाहीत त्या दिवशी खेळात जीव लागायचा नाही. तुमचं नाव तरी केवढं होतं. नगरला मिलिटरीच्या टीमविरुद्ध तुम्ही मारलेला गोल बेलापूरच्या बाजारपेठेत अजून जिवंत होता, आणि दर वर्षी तो थोड्या जास्त लांबून मारलेला असायचा. आपण घोडेगावच्या बाजाराला बैल बघायला गेलो, तर व्यापाऱ्यानं बैलाचे दात दाखवायच्या आधी मला तोच गोल ऐकवला. तो काही नगरला हजर नव्हता. तुम्ही मुकाट्यानं बैलाच्या खुरांकडे बघत होतात, आणि कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

त्या वर्षी ऊस संपून कारखान्याचा हंगाम बंद झाला आणि कमिटीनं ठरवलं, जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचा. नुसता सत्कार नको, म्हणून त्याच्या आधी सामना ठेवला, जुने विरुद्ध नवे. तुम्ही वरवर कुरकुर केलीत, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे कॅनॉलच्या कडेनं पळायला लागलात. आईला सांगायचात, जरा उसाकडं जाऊन येतो. आपला ऊस कधीच तुटून गेलेला होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी आई चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही पाटावर बसून बुटांना एरंडेल चोळताय, आणि चुलीपाशी चामडं आणलं म्हणून ती तुमच्यावर करवादतेय. तुमचं झाल्यावर तिची गाडी माझ्याकडं वळली. "ध्यानात ठेव," ती म्हणाली, "बापाच्या अंगाला पाय लागला, तर जेवायला घरी येऊ नको." मी म्हणालो, आई, फुटबॉल आहे, हातानं खेळू का? ते तुझं तू बघ, म्हणाली आणि भाकरी उलटली. तुम्ही बूट तेवढा जास्त जोरात चोळायला लागलात.

आणि मग तो सामना. आठवला की मला अजून एकट्याला हसू येतं. कोल्हारपासून माणसं सायकलींवर आलेली, बायकांसाठी एका कडेला सतरंज्या, बाभळीला बांधलेला कर्णा. सुरुवातीलाच आम्ही सगळे ओळीनं तुमच्या टीमच्या पाया पडलो. इथवर ठीक होतं. पण खेळ सुरू झाल्यावर आमच्या सेंटर हाफचा बूट तुमच्या एका दोस्ताच्या नडगीला लागला, आणि तो गडी चक्क थांबला, वाकला, त्याच्या पायाला हात लावून तो हात छातीला लावला. थोरांना पाय लागला की आपण घरात करतो तसं, अगदी सवयीनं. तोवर बॉल पुढं गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कर्ण्यावरून संस्कारांचं कौतुक झालं. झालं, मग काय विचारता, प्रत्येकजण तेच करायला लागला. जरा धक्का लागला की वाक, नमस्कार कर. आमचा राइट बॅक मुसलमान, त्याच्या घरात ही पद्धत नव्हती, पण सगळे करतात म्हणून तोही बिचारा वाकायला लागला. बॉल घ्यायला जावं तर पाय लागणार, म्हणून हळूहळू कुणी बॉलच घ्यायला जाईना. तुम्ही माझ्या बाजूनं यायचात आणि मी हातभर लांबून तुमच्याबरोबर पळायचो, वरातीत पळाल्यासारखा. तुम्ही एक साधा बॉल गोलकडे ढकललात, तर गोलकीपर नको तिकडे पडला. लोक उड्या मारत होते. तुम्ही तेवढे हसत नव्हतात.

मध्यंतरात तुमच्या टीमचे सगळे सरबत पीत, एकमेकांच्या पाठी थोपटत बसलेले. तुम्ही बाभळीखाली एकटेच उभे. मला खुणेनं बोलावलंत. मला वाटलं, गुडघा दुखतोय. तुमचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "म्या हितं खेळाया आलोय," तुम्ही म्हणालात, "पूजा करून घ्याया न्हाई. बॉल घ्यायचा आसंल तर अंगावर ये. न्हाईतर उद्यापास्नं या ग्राउंडात माजा पाय पडायचा न्हाई." आणि तिथून निघून गेलात, मी काय म्हणतो ते ऐकायलाही थांबला नाहीत.

तुमचा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं. धाकट्या काकांशी बोलणं सोडलंत ते सोडलंतच. संध्याकाळी सायकल घराकडं वळवून तुम्ही ओट्यावर बसलाय, भोंगा होऊन गेलाय आणि तुम्हाला जायला कुठं जागा नाही, असं चित्र डोळ्यांपुढं आलं. वर्कशॉपात तुम्ही टर्नर होतात, घरात बाप होतात, पण तुम्ही तुम्ही होतात ते फक्त त्या ग्राउंडवर. आणि आम्ही तुमचा मान करता करता तेच काढून घेत होतो. पलीकडं सतरंजीवर आई बसलेली, तिची सकाळची ताकीद कानात. हे सगळं डोक्यात घेऊन मी खेळायला उभा राहिलो.

तुम्ही आलात. तीच तुमची जुनी चाल, खांदा आत टाकायचा आणि स्वतः बाहेरून निघायचं. लहानपणापासून अंगणात मला त्याच चालीनं चकवत आलात. या वेळी मी खांद्याकडं बघितलं नाही, बॉलकडं बघितलं, आणि घातला पाय. बॉल बाहेर गेला, माझा बूट तुमच्या घोट्यावर बसला आणि तुम्ही आडवे झालात. कडक जमीन, सगळीकडं धूळ. कर्णा बंद. सतरंजीवरून आई उठून उभी राहिलेली मला दिसली. कमिटीचे सेक्रेटरी धोतर सावरत आत पळत आले, ते मला काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. रेफरीनं शिट्टी तोंडात धरली होती, तेवढ्यात तुम्ही बसल्या बसल्या माती थुंकलात आणि ओरडलात, "फाउल न्हाई! बॉल घेतलाय त्यानं!"

त्यानंतर खरा फुटबॉल झाला. तुमचे दोस्त आम्हाला कोपरं मारत होते, आम्ही त्यांना पाडत होतो, कुणी कुणाच्या पाया पडत नव्हतं. तुम्ही दोनदा मला चकवलंत, एकदा भर लोकांत शिवी दिलीत. शेवटी आम्ही तुम्हाला हरवलं, पण नीट हरवलं. सत्कारात तुम्ही शाल घेतलीत आणि खुर्चीवर बसून सरळ गुडघ्याला गुंडाळलीत. चेअरमनसाहेब भाषणात अडखळले. त्या दिवशी तुमचा चेहरा इतका खूश होता की मला रडायला आलं, ते मी घामावर खपवलं. घरी आल्यावर आई माझ्याशी बोलेना. तुम्हीच म्हणालात, वाढ त्याला, कामावरनं आलाय.

मग दर वर्षी तो सामना व्हायचा. नियम तुमचाच, पाया पडायचं ते खेळ संपल्यावर. दिवाळी झाली की म्हातारे कुरकुरत कॅनॉलच्या कडेनं पळायला लागायचे. पुढं ग्राउंडवर उसाच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि सामना बंद पडला. तोवर तुम्हीही नव्हतात. या पोरांना त्यातलं काहीच माहीत नाही. उद्या त्यांना सांगणार आहे, शाल द्या, गेटवर नावं लिहा, सगळं करा, पण आधी आमच्याशी खेळा, आणि सोडू नका. माझे गुडघे तुमच्यावर गेलेत, तेव्हा मी आपला गोलमध्ये उभा राहीन. पण राहीन. सांगायच्या आधीच आनंद व्हायला लागलाय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. त्या रात्री जेवताना तुम्ही विचारलंत, मला पाडल्यावर पाया पडला न्हाईस ना रं? मी न्हाई म्हणालो, आणि तुम्ही समाधानानं मान हलवलीत. पण सामन्यात, तुम्ही धुळीतून उठून आपल्या जागेवर गेलात, सगळ्यांच्या नजरा बॉल फेकणाऱ्याकडं होत्या, तेव्हा मी मोजा वर ओढायला वाकलो होतो. तुम्ही पडला होतात तिथल्या मातीला हात लावला आणि तो छातीला लावला. मोजा काही खाली आलेला नव्हता, तात्या.