टाक्यातल्या अकरा रेघा

मंगळवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? आम्ही सगळे ठीक. खुशाली इथेच आटोपते. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

गडावरच्या मोठ्या टाक्यातला गाळ काल उपसून संपला. तळाशी उतरलेला गवंडी ओरडला, "बाई, लवकर या, भिंतीवर कुणीतरी रेघा मारून ठेवल्यात!" चपला वरच टाकून मी शिडीवरून उतरले. अकरा रेघा, दादा! एकेका उन्हाळ्यातल्या पाण्याची खूण, शेजारी कोरलेलं साल. पहिली माझ्या डोक्याच्याही वर, मग दरवर्षीची आधीच्या खाली. शेवटची माझ्या घोट्याशी, आणि तिचं साल गडाला पडलेल्या वेढ्याच्या दोन वर्षं आधीचं! त्यानंतर एकही रेघ नाही. शत्रू आला तेव्हा राजा आणि दरबार केव्हाच गड उतरून गेले असणार. राजधानी वेढ्याने पडली नाही, तहानेने इथून हलली. गवंडी म्हणाला, "एवढे बुरूज बांधले, आणि राजा घागरीपुढे हरला!"

तू नऊ वर्षांपूर्वी हेच म्हणत होतास. मी हसले होते, "पाणीखात्यात नोकरी केली की माणसाला जिकडेतिकडे नळच दिसतात."

नुसती हसले असते, तर हे पत्र इथेच संपलं असतं.

गाळ उपसण्याचा तुझा अर्ज गड समितीकडे आला, त्यावरचा 'अनावश्यक' हा शेरा अध्यक्षांचा नव्हता. माझा होता; चिटणीस मी होते, त्यांची फक्त खाली सही. ते तर म्हणत होते, "करून बघू या की." पण गडाच्या इतिहासावरची माझी पुस्तिका छपाईला गेली होती, आणि तिच्यात राजधानी वेढ्याने पडत होती. तू आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना शिव्या घालत होतास, आणि मी "जाऊ दे रे, चहा गार होतोय" म्हणत होते. तुझी नि त्यांची शाळेपासूनची मैत्री तुटली. ते वारले तेव्हाही तू आला नाहीस. त्यांनी माझं नाव तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आज समितीला सगळं लेखी दिलं. पुस्तिका मागे घेतली. रेघा सापडल्याचा आनंद इतका झालाय की त्याची लाज वाटते, आणि लाज वाटूनही तो कमी होत नाही. हे बरोबर आहे का, मला ठरवता येत नाही.

रेघांची मापं अजून कुणी घेतलेली नाहीत. समिती शनिवारपर्यंत थांबायला तयार झालीय. ती तू घे. 'नाही आलास तरी समजून घेईन' असं लिहून वर खोडलंय, कारण ते खरं नाही. ये.

बहीण म्हणायचं की नाही ते तुझ्यावर सोडून,
धाकटी