साहेबाच्या पुस्तकात आमचं घर

पोलादपूर, ३ डिसें. १९३०, बुध.
बंगल्यावर उतरलेल्या साहेबाची मराठीची शिकवणी सुरू. बोलतो तर बरं, मग मास्तर हवा कशाला? कादंबऱ्या लिहितो. पहिलीत बाप रंगवला, बापाने दार बंद केलं. दुसरीत बायको. ती सोडून गेली, आणि त्याच पुस्तकाला विलायतेत मोठं बक्षीस! हे सगळं हसत सांगतो. "घडलं तेच लिहितो, मास्तर. नावं तेवढी बदलतो." तिसरी इथली. म्हणजे आता कुणाचा नंबर?

५ डिसें.
साहेबाने विचारलं, भाऊ किती? म्हटलं, एकच होता, तापाने गेला. जीभ झडो माझी! पण खरं काय सांगणार? जंगलचा कायदा मोडून दादा फरारी आहे, पोलीस मागावर आहेत, हे गोऱ्याला सांगू? हा कादंबरीवाला कशावरून, सरकारचा कान कशावरून नाही?

७ डिसें., रवि.
कापडे गावचा धोंडू दादाची खबर घेऊन आला. दर रविवारी येतो. "बरा हाय. वरच्या वाडीत गुरं राखतोय. दाढी अशी वाढलीय, तुमी पन वळखायचा नाय." वहिनी आज पोटभर जेवल्या.

११ डिसें.
घात झाला. साहेब न सांगता घरी टपकला. मी न्हाणीत. घरी आलेला माणूस, म्हणून वहिनींनीच चहा नेला. कपाळभर कुंकू, हातात हिरवा चुडा. मी बाहेर येतो तो काय, हा विचारतोय, "आपण कोण?" आणि वहिनी सरळ, "थोरली सून मी."
झालं! वीस वर्षं या मुलखात काढलेला माणूस, त्याला कळणार नाही होय?
तो गेल्यावर मी चिडून म्हटलं, साहेब जाईतो कुंकू लावू नका.
"भाऊजी, ते जिवंत आहेत. मी नाही पुसणार."
शरमलो.

१२ डिसें.
शिकवणी. कालचं अवाक्षर नाही. टेबलावरचे कागद मात्र मी शिरताच पालथे केले. विचारलं असतं तर बरं होतं.

१५ डिसें., सोम.
साहेब आंबेनळीने महाबळेश्वरला गेला. मोटारीत बसताना माझा हात धरून हळूच म्हणाला, "मास्तर, पुस्तकात तुमच्या वहिनींचं कुंकू मी पुसलंय." विचारीन म्हणतोय तोवर गाडी सुटली.
सांभाळून घेतलं आम्हाला? की काही कळलंय त्याला, जे आम्हाला अजून... घडलं तेच लिहितो म्हणाला होता ना?
वहिनी दारातच उभ्या. "काय म्हणाला?" लपवता आलं नाही, सांगून टाकलं. त्यांनी कपाळाला बोट लावून पाहिलं.
"पुस्तकातच ना, भाऊजी?"
धोंडू काल यायचा होता. आला नाही.